उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरातील पशुधन आणि माश्यांचे व्यवस्थापन : एक विवेचन

प्रस्तावना :
मांसासाठी जनावरे पाळण्याचा विचार महाराष्ट्रात कायद्याच्या चौकटीतच करावा लागतो. महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम, १९७६ मधील दुरुस्तीस २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यापासून गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही मनाई आहे. त्यामुळे पाश्चात्त्य ग्रंथांतील 'बीफ कॅटल' ही संज्ञा येथे प्रामुख्याने म्हशी, रेडे व पारडे यांनाच लागू पडते. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या खोऱ्यातील प्रस्तुत परिसरात जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो. उष्णता, ओलावा आणि साचलेले शेण एकत्र आले की माश्यांची पैदास झपाट्याने होते.

माशीची ओळख :
'माश्या झाल्या' एवढ्याच निदानावर औषध फवारले जाते. मूळ चूक येथेच होते. तबेल्यातील चावरी माशी दिसावयास घरमाशीसारखीच असते. मात्र तिची सोंड पुढे रोखलेली असून नर व मादी दोघेही रक्त पितात. ती मुख्यतः पायांना चावते, काही मिनिटांत पोट भरते आणि भिंतीवर जाऊन बसते. जनावर सतत पाय आपटत असेल तर तिचीच शंका घ्यावी. शेण-मूत्राने भिजलेल्या पेंढ्यात तिच्या अळ्या वाढतात. याउलट म्हशीवरील लहान रक्तपिपासू माशी जवळजवळ अहोरात्र जनावराच्या अंगावर राहते व केवळ ताज्या शेणावर अंडी घालण्यापुरती खाली उतरते. म्हणून अंगावर लावावयाचे औषध दुसरीवर चांगले चालते, पहिलीवर फारसे नाही. तेथे ओला पेंढाच हलवावा लागतो. घरमाशी चावत नाही, परंतु डोळ्यांवर व जखमांवर बसते. ती शहरातील ओल्या कचऱ्यातही वाढते. तेव्हा सारा दोष तबेलेवाल्यांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही.

उपाययोजना :
उन्हाळ्यात घरमाशीची अंड्यापासून माशी होण्यास ७ ते १० दिवस पुरतात. चावऱ्या माशीस साधारणतः २ ते ३ आठवडे लागतात. शेण व पेंढा आठवड्यातून दोनदा उचलल्यास हे चक्र तुटते. परंतु उचललेले शेण नाल्यात सोडले तर प्रश्न केवळ वालधुनीत स्थलांतरित होतो. पातळ थापलेल्या गोवऱ्या उन्हात लवकर वाळतात व अळ्या मरतात. पावसाळ्यात मात्र हा मार्ग बंद होतो आणि गोबरगॅस किंवा ताडपत्रीने झाकलेला ढीग यांवाचून पर्याय उरत नाही. झाकलेल्या ढिगातील उष्णता अळ्यांना मारक ठरते.

डेल्टामेथ्रिनसारखे एकच औषध वारंवार वापरल्यास माश्यांत प्रतिकारशक्ती निर्माण होते. आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडून शेण फस्त करणाऱ्या भुंगेऱ्यांनाच मारते. औषधांचा अंश दुधात व मांसात उतरत असल्याने पशुवैद्यकाने सांगितलेला वर्ज्यकाळ पाळणे अनिवार्य आहे. कडुनिंबाच्या धुराने माश्या तात्पुरत्या हटतात, मरत नाहीत.

या प्रश्नास रोगाचीही बाजू आहे. मोठ्या डांसमाश्या सर्रा रोगाचे परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. २०२२ मध्ये राज्यभर पसरलेल्या लम्पी चर्मरोगाच्या प्रसारातही डास व गोचिडांसह चावऱ्या माश्यांचा वाटा होता; म्हशींना तो गायींच्या मानाने कमी होतो, इतकेच.

म्हशीजवळ स्वतःचा उपाय असतो : ती चिखलात लोळते आणि वाळलेल्या चिखलाचा थर माशीस कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. सिमेंटच्या गोठ्यात बांधलेल्या रेड्यास ही सोय नाही. त्याला दिवसातून दोनदा पाणी मारावे व पंखा लावावा, कारण जोराच्या वाऱ्यात माशीस बसता येत नाही. मात्र फरशीस उतार हवा, अन्यथा तेच पाणी पेंढा भिजवील.