वेशीबाहेरचा वधस्तंभ

आमच्या कवठे महांकाळात ‘तारण’ हा शब्द शाळेत जायच्या आधीच कानावर पडतो. सोसायटीचे कर्ज, बँकेचे कर्ज, विहिरीसाठी काढलेले कर्ज. दुष्काळी भागातल्या जमिनीचा सातबारा कुठे ना कुठे अडकलेला असतो. लहानपणी आजीला डॉक्टरांना दाखवायला आम्ही छोट्या रेल्वेने मिरजेला जायचो. अशाच एका फेरीत स्टेशनाबाहेर कुणीतरी चार पानांची पुस्तिका माझ्या हातात दिली. वर वधस्तंभाचे चित्र आणि खाली येशूने जगाचे तारण केल्याचा मजकूर. मी वडिलांना विचारले, “दादा, कुणाकडं ठेवलं तारण?” दादा हसले नाहीत. म्हणाले, “ते तारण निराळं. तारणं म्हणजे वाचवणं.” गाडी सुटल्यावर बऱ्याच वेळाने आपणहून म्हणाले, “पण कुणी जामीन राहिल्याशिवाय सुटतंय कोण?”

पुढे वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले, की माझा भाबडा प्रश्न आणि दादांचे उत्तर, दोन्ही ख्रिस्ती धर्मविचारात शतकानुशतके वागवले गेले आहेत. येशूला क्रुसावर मारले, हे सगळ्या ख्रिस्ती पंथांना मान्य. तो आपल्यासाठी मेला, हेही मान्य. पण ‘आपल्यासाठी’ म्हणजे नेमके कसे? एका माणसाच्या मरणाने दुसऱ्याचे काय सुटते? इसवी सन ३२५ ची निकेयाची परिषद आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची परिषद यांतून जो विश्वासाचा मसुदा तयार झाला, त्यात येशूच्या दैवीपणाबद्दल एकेक शब्द तोलून मापून घातला आहे. मरणाबद्दल मात्र ते आमच्यासाठी झाले, एवढेच म्हटले आहे. कसे, ते मोकळे सोडले. ती मोकळी जागा मराठीत कोणकोणत्या शब्दांनी भरली, हे मला सांगायचे आहे; कारण त्यातला प्रत्येक शब्द आपला अर्थ बरोबर घेऊनच आला.

आधी शिक्षेबद्दल. कडेलोट, सूळ, हत्तीच्या पायी देणे हे आपल्याला इतिहासातून माहीत आहे. रोमन क्रूस त्याच जातीचा, पण त्यात मारण्याइतकेच मिरवणे महत्त्वाचे होते. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसचे गुलामांचे बंड मोडल्यावर सहा हजार माणसे आपियन रस्त्याच्या कडेने क्रुसांवर टांगली होती. ही शिक्षा गुलामांची, बंडखोरांची. रोमन नागरिकाला ती सहसा होत नसे. म्हणून पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती लोक मासा काढत, जहाजाचा नांगर काढत, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ काढत. क्रुसावरचा येशू काढायला त्यांचा हात धजत नसे. रोममधल्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावरचे क्रूसारोहणाचे चित्र सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक, आणि तेही पाचव्या शतकातले.

मराठीत या वस्तूला दोन वाटांनी नाव मिळाले. पोर्तुगीज ‘क्रूझ’वरून ‘क्रूस’ आला आणि कोकणीत त्याचा ‘खुरीस’ झाला. प्रोटेस्टंट भाषांतरकारांनी ‘वधस्तंभ’ घेतला. क्रूस म्हटले की आकार दिसतो, गळ्यात घालता येतो. वधस्तंभ म्हटले की काम दिसते. मला दुसरा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

आता ‘खंडणी’. मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव देण्यास आला, असे येशू शिष्यांना सांगतो, तिथे प्रचलित मराठी बायबलमध्ये खंडणी हाच शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजायच्या रकमेचा. मराठी माणूस खंडणी म्हणताच विचारणार : वसूल कुणी केली? हाच प्रश्न जुन्या आचार्यांपुढे होता. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनपासून अनेकांनी उत्तर दिले, की माणूस सैतानाच्या कैदेत होता, म्हणून खंडणी त्याला. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीने तर गळाचा दृष्टांत दिला : येशूचा मानवी देह हे आमिष आणि आत दडलेले देवपण हा गळ, सैतानाने आमिष गिळले आणि तोच अडकला. त्याच काळातल्या नाझियांझसच्या ग्रेगरीला हे मुळीच पटले नाही. लुटारूला खंडणी द्यायची आणि तीही देवाने, ही कल्पना त्याला लाजिरवाणी वाटली. बरे, पित्याला दिली म्हणावे, तर पित्याने कुणाला कैद केलेच नव्हते. हा हिशेब कधी जुळला नाही, पण त्यामागचा भाव टिकला : क्रुसावर मरणाचाच पराभव झाला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरचा जो जल्लोष असतो तो याच भावाचा. १९३१ साली गुस्ताफ औलेन या स्वीडिश अभ्यासकाचे ‘क्रिस्तुस व्हिक्टर’ इंग्रजीत आले आणि ही जुनी विजयाची बाजू पाश्चात्त्य अभ्यासकांपुढे पुन्हा आली.

दादांचा जामीन मात्र दुसऱ्या दालनातला. १०९८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने देव माणूस का झाला, या प्रश्नावरचा गुरुशिष्यसंवाद पुरा केला. सैतानाला त्याने व्यवहारातून काढूनच टाकले. पापाने देवाचा मान डावलला गेला, भरपाई माणसाने करायला हवी, पण तेवढी ऐपत फक्त देवाची, म्हणून देव-माणूस. सरदार आणि रयतेच्या त्या जगात मानहानीची भरपाई ही रोजची बाब होती. सोळाव्या शतकात कायदा शिकलेल्या कॅल्व्हिनच्या आणि इतर सुधारकांच्या हाती दरबाराचे कोर्ट झाले : माणूस आरोपी, शिक्षा ठरलेली, ती येशूने आपल्यावर घेतली. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आलेल्या अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांच्या पुस्तिकांमधून प्रामुख्याने हाच अर्थ आला. माझ्या हातातली पुस्तिकाही त्याच घराण्यातली.

आणि हा शिक्षेचा अर्थ इथे येऊन कर्मसिद्धान्तावर आदळला. ज्याचे त्याने भोगायचे, हे आपल्याकडे भिंतीतल्या दगडासारखे पक्के. एकाच्या पापाचा दंड निरपराध दुसऱ्याला, हा कुठला न्याय, असे शास्त्रीपंडितांनी विचारले तर नवल नाही. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे हे चित्पावन घराण्यातले पंडित. त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि तेच १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. ज्याने आक्षेप स्वतः मांडले होते, त्याला ते हलके लेखता येत नव्हते. शंकांनी त्यांना जन्मभर सोडले नाही. अशा माणसाच्या श्रद्धेबद्दल मला आदर वाटतो.

‘प्रायश्चित्त’ हा शब्द आणखी अवघड. मराठी बायबलने तो येशूच्या मरणाला लावला. पण आपल्याकडे प्रायश्चित्त घ्यायचे ज्याचे त्याने. इथे देवच ते देतो. शब्द ओळखीचा आणि अर्थ उलटा, असा हा प्रकार. जुन्या करारातल्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड असत, हेही सहसा सांगितले जात नाही. ज्याच्या डोक्यावर पापे ठेवत तो बोकड मारत नसत, रानात सोडून देत. मारला जाई तो दुसरा. येशू मेला तो सण तर त्याहून वेगळा, वल्हांडणाचा. त्यातले कोकरू शिक्षेचे नव्हे, मिसरातल्या गुलामीतून सुटल्याच्या आठवणीचे. आमच्या तालुक्यात आरेवाडीला धनगरांचा बिरोबा आहे. मेंढरांच्या वाड्यात रात्र काढलेल्या माणसाला कोकराची उपमा समजावून सांगावी लागत नाही; कोकरू म्हणजे काय जपायचे असते, ते त्याला ठाऊक असते.

कोर्टापेक्षा वेगळी वाट बाराव्या शतकात पिएर आबेलार याने दाखवली होती. देवाला भरपाई हवी होती असे नाही. एवढे प्रेम पाहून माणसाचे मन पालटावे, हेच क्रुसाचे काम, असा त्याचा रोख. मराठीत ही वाट रुळली. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांना धरून ठेवले ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. बलिदानाचा हिशेब त्यानंतर आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत येशू जामीन राहत नाही, माउली होतो. आई लेकरासाठी झिजते तेव्हा कुणी पावती मागत नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी सुरू केले आणि ते अपुरे असतानाच १९१९ मध्ये ते गेले. पुढचा बहुतेक भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने नवऱ्यामागे ते काव्य वधस्तंभाच्या दिशेने नेले, ही गोष्ट मला त्या काव्याइतकीच मोठी वाटते.

काव्यातून हे सांगण्याची परंपरा त्याहून जुनी. इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापले गेले. दहा हजार नऊशे बासष्ट ओव्या, आणि स्वर्गाला चक्क वैकुंठ. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने येशूच्या दुःखभोगावर मराठीत पुराण लिहिले, ते १६५९ चे. उपवासकाळात घराघरांत वाचल्या जाणाऱ्या अशा पुराणाने सिद्धान्त शिकवला नसेल, पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आणले असणार. तोही एक अर्थच.

एका आयुष्यात दोन अर्थ कसे येतात, हे पंडिता रमाबाईंकडे पाहावे. इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टर्सनी चालवलेले आश्रयस्थान त्यांनी पाहिले. ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवत. हे तुम्हाला कुठून सुचले, असे त्यांनी विचारले, तेव्हा शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना वाचून दाखवली गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनीच पुढे लिहिले आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षे लागली. त्या दुसऱ्या वेळी त्यांना भावला तो अर्थ वैयक्तिक पापमुक्तीचा, म्हणजे पुष्कळसा जामिनाच्याच जवळचा. आधी माया पाहून वळलेली बाई नंतर सुटकेवर विसावली. एकाने दुसरा अर्थ पुसला नाही. केडगावच्या मुक्ती सदनात टाकलेल्या बायका-मुलींसाठी जे काम झाले, त्याचे मूळ फुलहॅममध्येच आहे.

आणखी एक प्रसंग. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवर हरकत घेतली होती. लॅटिनमध्ये असे काय पवित्र आहे, जे संस्कृतमध्ये नाही, असा त्यांचा सवाल. हा हट्ट नव्हता. क्रुसाचा अर्थ परक्या भाषेत कोरलेला असेल तर तो आपला कधी होणार? खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत, हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल त्यांनी एकटीने भाषांतरित केले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण छापून झाले.

मला स्वतःला थांबवतो तो शब्द निराळाच. इब्रींस पत्राच्या तेराव्या अध्यायात येशूने दुःख कुठे सोसले, ते सांगताना मराठी बायबल म्हणते : ‘वेशीबाहेर’. भाषांतरकाराने नगराच्या दाराला साधा रोजचा शब्द दिला. पण महाराष्ट्रात वेशीबाहेर कोण राहत होते, हे कुणाला सांगायला हवे? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर अहमदनगरच्या बाजूला महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. धान्यासाठी झाली, असे सहज म्हटले जाते. भूक होतीच. पण ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याने वेशीबाहेर मारलेल्या देवाची कथा ऐकली तेव्हा त्याला काय वाटले असेल, हा विचार त्या सहज बोलण्यात नसतो. १९८१ मध्ये अरविंद निर्मळ यांनी बंगळूरुच्या व्याख्यानात जी दिशा दाखवली, तिला पुढे दलित ईश्वरविद्या म्हणू लागले; त्यांच्या मांडणीत क्रुसावरचा येशू हा स्वतः दलित आहे. जर्मनीत युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये जवळचेच काही सांगितले होते : क्रुसावर देव शिक्षा देणाऱ्याच्या खुर्चीत नाही, टाकून दिलेल्याच्या बाजूला आहे.

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ पासून मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. मिरासाहेबांच्या दर्ग्याचे हे गाव. येशूला पैगंबर मानणाऱ्या मुसलमानांपैकी बहुतेकांच्या मते त्याला क्रुसावर मारलेच नाही. त्याच गावात कुष्ठरोग्यांसाठीही मिशनचे रुग्णालय निघाले. ज्यांना घराबाहेर, वेशीबाहेर काढले, त्यांच्या जखमा तिथे धुतल्या गेल्या. आजीला आम्ही मिरजेला नेत होतो तेव्हा हे काहीच मला माहीत नव्हते.

काही वर्षांपूर्वी उत्तम शुक्रवारी एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर मिरजेतल्या उपासनेला बसलो. दुपारी बारा ते तीन. क्रुसावरून येशूने काढलेले सात उद्गार, त्यांवर सात जण बोलतात. पहिल्या उद्गारावर, क्षमेवर, एक शिक्षक प्रेमाबद्दल बोलले. दुसऱ्या वक्त्याने कर्ज, दंड आणि सुटका असा सगळा कोर्टाचा दाखला दिला. चौथा उद्गार देवाने आपल्याला का टाकले, हा. त्यावर बोलायला एक निवृत्त परिचारिका उठल्या. त्यांनी ते वचन दोनदा वाचले, आपल्याला याचे स्पष्टीकरण देता येत नाही असे म्हणाल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि बसल्या. कुणी चुळबूळ केली नाही.

पाचवा उद्गार तहानेचा. एप्रिलचे ऊन, दुपारचे दोन वाजून गेलेले. त्यावर बोलणारा तरुण आमच्याच पट्ट्यातला होता. टँकरमागे घागरी घेऊन धावण्याची गोष्ट त्याने सांगितली आणि म्हणाला, हा उद्गार आपल्याला शिकवावा लागत नाही. बाहेर व्हरांड्यात पाण्याचा माठ भरून ठेवला होता. तीन वाजेपर्यंत त्याच्याकडे कुणी गेले नाही.