घाटात मोटार का अडते?

मुलांनो, मे महिन्यात कसारा घाट चढताना जुनी पद्मिनी मोटार कधी कधी अचानक बंद पडे. टाकीत पेट्रोल असूनही इंजिन चालू होत नसे. असे का होई?

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते; पेट्रोलमधील हलके घटक सुमारे ४० अंशांनाच उकळू लागतात. या मोटारीचा पेट्रोल-पंप इंजिनालाच जोडलेला असतो. चढावर इंजिन तापले की नळीतील पेट्रोलची वाफ होते. पंपात वाफ नुसती दाबली जाते, पुढे सरकत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो. यालाच 'व्हेपर लॉक' म्हणतात.

प्लगला ठिणगी आहे, पण कार्बोरेटर कोरडा आहे आणि थंड झाल्यावर गाडी सुरू होते, तर दोष बहुधा वाफेचाच असतो.

अशा वेळी गाडी कडेला घ्यावी, बॉनेट उघडावे, पंपावर ओले फडके ठेवावे. सारखा स्टार्टर मारल्यास बॅटरी उतरते. जवळ काडी पेटवू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

प्रवासापूर्वी पंख्याचा पट्टा तपासावा, रेडिएटरमध्ये पाणी भरावे आणि पेट्रोलची नळी धुराच्या तापलेल्या नळीपासून दूर बांधावी. घाटातील अर्ध्या तासाचा खोळंबा घरच्या पाच मिनिटांनी टळतो.