रुखवतातल्या घराला कागद लावताना

मागच्या महिन्यात रुखवताच्या वस्तूंवर बोललो, तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतोय. ‘ताई, बाहुलीच्या घराला आतून रंगीत कागद लावला की भिंत वाकते, कागदाला फुगे येतात, नाहीतर चार दिवसांत कडा सुटतात. डिंक कुठला वापरायचा?’ प्रश्न लहान वाटेल, पण गटानं ऑर्डर घेतलेली असते. हळदीच्या दिवशी घर पोचवायचं आणि आदल्या रात्री भिंतीचा कागद लोंबायला लागला, तर पैसेही जातात आणि पुढचं गिऱ्हाईकही जातं. म्हणून आज फक्त चिकटवण्याबद्दल बोलू.

आधी एक सांगते. २०१८ साली आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. त्यामुळे घर पुठ्ठ्याचं किंवा पातळ प्लायवूडचं आहे असं धरूनच पुढचं ऐका.

भिंत का वाकते, हे कळलं की निम्मं काम झालं. कागद पाणी प्यायला की फुगतो, लांबरुंद होतो. तो तसाच ओला पुठ्ठ्यावर बसतो आणि वाळताना आकसतो. पुठ्ठ्याला घट्ट धरलेला असल्यामुळे त्यालाही आपल्याकडे ओढतो, म्हणून कागदाच्या बाजूनं भिंतीला खोलगट बाक येतो. आपण दोष डिंकाला देतो, पण खरी गडबड पाण्याची असते. उपाय सोपा आहे. आत कागद लावलात तर बाहेरूनही तेवढ्याच जाडीचा कागद त्याच बैठकीत लावा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा सरळ राहतो.

कागदाला उभी-आडवी वीण असते हेही बघा. वर्तमानपत्र एका बाजूनं सरळ रेषेत फाटतं, दुसऱ्या बाजूनं वेडंवाकडं. सरळ फाटतं ती तंतूंची दिशा. कागद ओला झाला की त्या दिशेला फारसा वाढत नाही, तिच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. आत-बाहेर दोन्ही कागदांची ही दिशा एकच ठेवा, नाहीतर भिंत पिळवटते.

आता चिकट काय वापरायचं ते बघू. आपल्या हाताशी मुख्य दोनच गोष्टी आहेत, खळ आणि पांढरा फेव्हिकॉल.

खळ आपल्याला नवी नाही. पतंगाला भाताची शितं लावणारी पोरं आणि घोंगडीला चिंचोक्याची खळ देणारे धनगर, दोघंही तेच करतात. पिठातलं सत्त्व पाण्यात शिजलं की चिकट होतं. कागदासाठी मैद्याची खळ चांगली. चिंचोक्याची चिकटते छान, पण तिचा तपकिरी रंग फिक्या कागदातून दिसतो. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न होता कालवा. आणखी चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. आधी पांढरं दूध दिसेल, मग एकदम दाटेल. तिथेच उतरवण्याची घाई करू नका. पांढरेपणा जाऊन जरा काचेसारखी झाक येईपर्यंत पाच-सात मिनिटं आणखी शिजवा. कच्ची खळ धरत नाही. गार होताना वर साय धरते म्हणून अधूनमधून ढवळा आणि पातळ फडक्यातून गाळून घ्या. एक गुठळी राहिली तरी एवढ्याशा भिंतीवर ती फोडासारखी दिसते.

खळीचा मोठा गुण म्हणजे ती सवड देते. कागद वाकडा बसला तर सरकवता येतो, उचलून परत लावता येतो. नवीन हातांना हेच हवं असतं. अवगुणही आहेत. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, मग टाकून द्यावी. झुरळं, कसर आणि उंदीर तिच्यावर तुटून पडतात. त्यावर पुस्तकं बांधणारे लोक पूर्वापार खळीत मोरचूद घालत आले आहेत. तुम्हीही कुठे ते पाहिलं असेल. आपण घालायचं नाही. मोरचूद विष आहे, आणि लग्न झालं की रुखवतातलं घर घरातल्या पोरांच्याच हाती जातं. पोरं भिंती चाटतात, कागद सोलून तोंडात घालतात. कीड लागली तर एक घर जाईल. मोरचुदाच्या वाटेला मात्र कुणाच्याही सांगण्यावरून जाऊ नका.

फेव्हिकॉल १९५९ सालापासून बाजारात आहे. त्याआधी सुतार जनावरांच्या हाडाकातड्याचा सरस उकळून वापरत. फेव्हिकॉल घट्ट धरतो, किडीला आवडत नाही, आंबत नाही. पण तो झटपट ओढतो. मोठा कागद लावताना एक टोक बसेपर्यंत दुसरं टोक धरलेलं असतं, आणि मग सरकवता येत नाही. सांडलेला लगेच ओल्या फडक्यानं पुसला नाही तर वाळून चकचकीत डाग राहतो. बाटलीतून काढून तसाच दाट कधी लावू नका. थोडं पाणी घालून दुधाच्या सायीइतका सैल करा आणि रुंद ब्रशनं पातळ थर द्या.

माझं मत विचाराल तर खळीत चौथा हिस्सा फेव्हिकॉल मिसळा. सरकवायला सवड मिळते आणि पकडही पक्की होते. बांधणीवालेही असं मिश्रण वापरतात.

बाकीचं झटकन सांगते. रबरासारखी तार सुटणारी वासाची सोल्युशनं नकोत. कागद काही महिन्यांत पिवळा पडतो आणि ती चटकन पेटतात, चुलीच्या घरात तर नकोच. एका थेंबात चिकटणाऱ्या गोंदाचे पांढरे डाग उठतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप दोन दिवसांच्या मांडणीला चालते, भिंतही वाकत नाही, पण टिकाऊ काम म्हणून विकू नका.

कागद निवडताना बोट ओलं करून कोपऱ्यावर घासा. रंग बोटाला आला तर खळीनं तो भिंतभर पसरणार. संगणकावरून शाईच्या प्रिंटरनं काढलेली नक्षी हमखास फुटते, झेरॉक्ससारख्या यंत्रावर काढलेली टिकते. चकचकीत प्लास्टिकचा मुलामा असलेल्या कागदातून ओल बाहेर पडत नाही, त्यामुळे तो फार उशिरा वाळतो. नक्षी बारीक घ्या. बाहुलीघराचं नेहमीचं माप एका फुटाला एक इंच असं असतं. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२४ साली पूर्ण झालेलं बाहुलीघर याच मापात आहे. ते आखलं एडविन लट्येन्स यांनी. दिल्लीचं राष्ट्रपती भवनही त्यांचंच. या मापात दोन इंचांचं फूल म्हणजे खऱ्या भिंतीवर दोन फुटांचं फूल! पातळाच्या काठावरच्या बुट्टीएवढी नक्षी शोभते.

लावण्याचा क्रम असा. जमेल तर भिंती जोडायच्या आधीच, सपाट असतानाच कागद लावा. कोरा पुठ्ठा चिकट पिऊन टाकतो, म्हणून आधी फेव्हिकॉलचं पातळ पाणी फिरवून तो वाळू द्या. वर्तमानपत्राचा नमुना कापून भिंतीवर बसवून बघा, मग चांगला कागद सगळीकडून जरा मोठा कापा. खळीचं मिश्रण कागदाच्या मागे लावा आणि दोन मिनिटं थांबा. कागदाला फुगायचं तेवढं आधीच फुगू द्या. भिंतीवर गेल्यावर फुगला तर सुरकुत्या पडतात. मग मधून कडांकडे कोरड्या मऊ फडक्यानं घोटत जा. कडांकडून मध्ये आलात तर हवा आत कोंडते. नुसता फेव्हिकॉल असेल तर तो भिंतीला लावा आणि कागद लगेच कोरडाच ठेवा.

घर आधीच जोडलेलं असेल तर पहिलं छत, मग मागची भिंत, मग बाजूच्या भिंती, आणि जमीन शेवटी. मागच्या भिंतीचा कागद दोन्ही कोपऱ्यांत दोन-तीन मिलिमीटर बाजूच्या भिंतीवर वळवा. बाजूचा कागद नेमक्या मापानं कापून त्यावर बसवा, म्हणजे कोपऱ्यात पुठ्ठा उघडा दिसत नाही. दारं-खिडक्या आधी कापू नका. वरून सलग कागद लावा, वाळल्यावर भोकावर फुली मारून कापा आणि पाकळ्या मागे वळवून चिकटवा.

वाळवायला उन्हात ठेवायचं नाही. एक बाजू आधी सुकते आणि केलेलं सगळं वाया जातं. सुट्या भिंती कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर फळी आणि दोन विटा ठेवा, सावलीत रात्रभर. पहिल्या दोन तासांत कागद एकदा बदला. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या कागदाला लागते, तेव्हा ते इथे नको. पावसाळ्यात दोन-तीन दिवस धरा आणि गिऱ्हाइकाला तारीख देताना ते मोजा.

नव्या कागदाची ऑर्डर असेल तर हातभर तुकड्यावर आधी करून बघा. शितावरून भाताची परीक्षा इथे अगदी खरी ठरते.

इतकं करूनही ओल्या भिंतीवर बारीक सुरकुत्या दिसल्या तर हात लावू नका. खळीचा कागद वाळताना ताणतो आणि बहुतेक सुरकुत्या जातात. वाळल्यावरही फुगा राहिला तर नक्षीच्या रेषेवर ब्लेडनं बारीक चीर द्या, काडीच्या टोकानं थेंबभर पातळ फेव्हिकॉल आत सारा आणि फडक्यानं दाबा. कडा सुटली असेल तर तेच करा. आणि नुसती मैद्याची खळ उरली असेल तर फेकू नका. पाणी घालून गाळा, सुती साडीला त्याच दिवशी कांजी होते.