पिवळा पक्षी आणि गुलाबी पक्षी

मंडळी, मागे एकदा माहुलला एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. त्याचा धाकटा भाऊ मोबाईलवरच्या खेळात अगदी गर्क. पडद्यावर एक पिवळाधमक पक्षी, लांब मान, दणकट पाय, आणि पाठीवर बसून एक शिपाई दौडत चाललेला. "हा रे कोणता पक्षी?" मी विचारलं. "चोकोबो, सर!" उत्तर तयार! पण खाडीत दिसणाऱ्या गुलाबी पक्ष्याचं नाव विचारलं, तर स्वारी गप्प.

हा चोकोबो म्हणजे काय, ते आज पाहू. जपानमधील स्क्वेअर या कंपनीने 1987 साली 'फायनल फँटसी' नावाची खेळमालिका सुरू केली. दुसऱ्या भागात, 1988 साली, कोइची इशी यांनी कल्पिलेला हा पक्षी प्रथम दिसला. तो एकटा नव्हे, त्याची जातच्या जात आहे. आपल्याकडे घोडा, तसा त्या जगात चोकोबो. पुढे तो मालिकेचा शुभंकरच झाला. शुभंकर म्हणजे पाहताक्षणी ओळख पटवणारं चिन्ह. 1982 च्या दिल्लीच्या एशियाई खेळांचा अप्पू हत्ती आठवतो ना? तसंच हे.

आता गंमत पाहा. चोकोबो कुठेच नाही; पण त्याचा एकेक अवयव कुठे ना कुठे आहे. पाय शहामृगाचे, रंग कोंबडीच्या पिलाचा, काम घोड्याचं. आपल्या शिवनेरीच्या दरवाजावर कोरलेला शरभ असाच. सिंह पाहिल्याशिवाय वा ऐकल्याशिवाय शरभ सुचत नाही. कल्पनेला भांडवल लागतं, आणि ते निसर्गाकडूनच उसनं घ्यावं लागतं.

मालिकेच्या 1997 सालच्या सातव्या भागात तर चोकोबो पाळायचे असतात. चांगला पाला खाऊ घालून, योग्य जोड्या जमवून निरनिराळ्या रंगांची पिलं मिळवायची. हिरवा डोंगर चढतो, निळा उथळ पाणी ओलांडतो, सोनेरी तर समुद्रही पार करतो!

मुलांना हे अद्भुत वाटतं. पण माहुल-शिवडीच्या चिखलपट्टीवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत उतरणारा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, काय कमी अद्भुत आहे? त्याचं पिल्लू करड्या रंगाचं असतं. शेवाळ आणि बारीक जलचर यांतील रंगद्रव्य पोटात जातं, तसतशी पिसं गुलाबी होतात. तो चोच उलटी करून चिखलपाण्यात घालतो, जिभेने पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडांच्या गाळणीतून अन्न तेवढं टिपतो. खेळात खाण्यावर पक्ष्याचं भाग्य ठरतं, तसंच इथंही. फक्त इथला पाला म्हणजे खाडीचा चिखल.

आणि हा चिखल धोक्यात आहे. शहराचं सांडपाणी, तेलाचा तवंग, भराव, सारं खाडीच्याच वाट्याला येतं. ठाणे खाडीचा वरचा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 साली रामसर यादीतही गेला. पण माहुल-शिवडीची पट्टी त्या हद्दीबाहेर राहिली. खेळातला पक्षी हरला, तर कळ दाबून डाव पुन्हा मांडता येतो. चिखलपट्टी एकदा बुजली, की तिला अशी कळ नाही, बरं का!

तेव्हा गुरुजनहो, मुलांच्या हातून खेळ हिसकावू नका. उलट विचारा, "तुझ्या चोकोबोचे पाय कुणाचे? चोच कुणाची?" मग ओहोटीची वेळ पाहून त्यांना जवळच्या खाडीवर न्या, खाडी नसेल तर गावतळ्यावर न्या. दिसेल तो पक्षी काढायला सांगा: पाय कसे, चोच कशी, खातो काय. त्यानंतर म्हणावं, "आता तुमचा स्वतःचा एक प्राणी रचा."

ज्याने खरा पक्षी नीट पाहिला, त्याचाच कल्पनेतला पक्षी जिवंत होतो. आणि ज्याला पक्ष्याचं नाव ठाऊक आहे, तोच उद्या विचारील, "आमचे रोहित यंदा कमी का आले?"