टी-शर्टचा धंदा माल न भरता, जीएसटीचे काय?

मालेगाव म्हटले की नाशिककडचे यंत्रमाग आठवतात. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावातून मात्र घरात एकही कपडा न ठेवता टी-शर्ट विकता येतात. ‘प्रिंट ऑन डिमांड’मध्ये डिझाइन तुमचे, ऑर्डर आली की छपाई, पाठवणी तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या ‘क्विकिंक’सारखी कंपनी करते. भांडवल फारसे लागत नाही, हे खरे. अडते ते जीएसटीपाशी. ऑनलाइन मंचावरून वस्तू विकणाऱ्या छोट्यांना ऑक्टोबर २०२३पासून नोंदणीतून सूट आहे. पण ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला आणि राज्यातल्या राज्यात विक्रीपुरतीच. वऱ्हाडी म्हणीचा टी-शर्ट हैदराबादला विकायचा तर नोंदणी हवीच. माल परराज्यातून निघत असेल तर आधीच सीएला विचारावे.

दुसरा फटका ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चा. ग्राहकाने पार्सल नाकारले की परतीचे कुरिअरही सहसा विक्रेत्याच्या माथी. नाव छापलेला शर्ट तर दुसऱ्याला खपतही नाही.