उन्हाळी प्रकल्प, पण आपल्याकडे तेव्हा पावसाळा

अमेरिकेत पदवीचं शिक्षण घेणाऱ्या मराठी मुलामुलींचे अर्जांचे मसुदे गेली काही वर्षं माझ्याकडे वाचायला येतात. दिवाळी संपली की सुरुवात होते आणि नाताळच्या आसपास गर्दी होते. त्यातले बरेचसे ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’ या अनुदानासाठी असतात. मुलं हुशार असतात आणि तळमळीची असतात. तरीही त्याच त्या चार-पाच समजुती दरवर्षी आडव्या येतात, आणि त्यापायी चांगलं काम कागदावरच राहतं.

आधी ही योजना काय आहे ते सांगतो. कॅथरीन वॉसरमन डेव्हिस यांचा जन्म १९०७ चा. आंतरराष्ट्रीय संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि १९३४ मध्ये जिनिव्हाहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. २००७ साली त्यांनी वयाची शंभरी गाठली आणि त्या निमित्ताने दहा लाख डॉलर बाजूला काढले. विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेले शांततेचे १०० प्रकल्प, प्रत्येकी १०,००० डॉलर, आणि काम उन्हाळी सुट्टीत करायचं. त्या १०६ वर्षं जगल्या, २०१३ मध्ये गेल्या. योजना चालूच राहिली. तिचा कारभार व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजातून चालतो.

पहिली समजूत अशी, की हे पैसे फक्त युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या मुलांना मिळतात. ती कुठून आली ते कळतं. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथली मुलं डेव्हिस कुटुंबाच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जातात आणि हे अनुदानही त्याच कुटुंबाचं. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. योजनेशी जोडलेल्या महाविद्यालयातला पदवीचा कोणताही विद्यार्थी अर्ज करू शकतो. तो नाशिकच्या शाळेतून गेलेला असो की न्यू जर्सीत जन्मलेला. शेवटच्या वर्षात असलेल्यांनाही दार बंद नाही, पदवी हातात पडल्यावरच्या उन्हाळ्यात त्यांना काम करता येतं. आपलं महाविद्यालय यादीत आहे का, एवढं मात्र सगळ्यात आधी पाहावं.

दुसरी समजूत, की अर्ज थेट योजनेच्या कचेरीत जातो. तो आधी तुमच्या महाविद्यालयात जातो. तिथे त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते, अंतर्गत निवड होते आणि निवडलेलेच प्रस्ताव पुढे पाठवले जातात. ही अंतर्गत तारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि बहुधा ऐन हिवाळ्यात येते. मुलं योजनेची तारीख बघत बसतात आणि कॉलेजची तारीख उलटून जाते. त्या नेमलेल्या व्यक्तीला ऑक्टोबरातच जाऊन भेटावं.

आता ‘शांतता’ या शब्दाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे आहे. मसुद्यांत सीमा, युद्ध, निर्वासित, जागतिक सलोखा असे शब्द दाटीवाटीने येतात, आणि ज्या गावात काम करायचं त्याचं नाव दुसऱ्या पानावर सापडतं. मुलांना वाटतं, युद्ध नसेल तर प्रकल्प शांततेचा कसा म्हणायचा? योजनेने शांततेची व्याख्या मुद्दाम मोकळी ठेवली आहे. भांडणाचं मूळ कशात आहे आणि ते मूळ कमी करायला तुम्ही काय करणार, हे तुम्हीच सांगायचं असतं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. ज्या २००७ मध्ये डेव्हिसबाईंनी पैसे दिले, त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. त्या मोहिमेचे विषय काय होते? शेताचा बांध, सामाईक विहिरीचं पाणी, वहिवाटीची वाट, भावकीतली वाटणी. गावाची शांतता अशाच गोष्टींनी मोडते आणि अशाच गोष्टींनी सांधते. दोन वस्त्यांमधल्या मुलींना एकत्र बसून अभ्यास करता येईल अशी एक खोली उभी करायची असेल, तर तोही शांततेचा प्रकल्प आहे. मात्र त्या दोन वस्त्या आज एकत्र का बसत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक हवं आणि अर्जात ते स्पष्ट लिहिलेलं हवं.

यातूनच पुढची समजूत निघते, की काम दूरच्या, अनोळखी देशात केलं तर वजन पडतं. तसं काही नाही. प्रकल्प जगात कुठेही करता येतो, अमेरिकेतसुद्धा. उलट जिथली भाषा येते, जिथे आधी राहिलो आहोत, जिथे चार माणसं नावाने ओळखतात, तिथला अर्ज वाचताना लगेच खरा वाटतो.

आणि तरीही आपल्याच जिल्ह्यात येणारी मुलं एका साध्या ठिकाणी अडखळतात. अमेरिकेतला उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. तेव्हा आपल्याकडे पावसाळा असतो. मुळशी-मावळात जुलैत भाताची लावणी चालते. घरातली बाई-माणसं सकाळपासून चिखलात उभी असतात, शिवणवर्गाला कोण येणार? शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा, आणि पहिले काही आठवडे प्रवेश, पुस्तकं, गणवेश यांतच जातात. पावसात बांधकाम रखडतं, घाटरस्ता दरड कोसळून बंद होतो, वीज दोन-दोन दिवस नसते. तरीही मसुद्याच्या वेळापत्रकात लिहिलेलं असतं : पहिला आठवडा पायाभरणी, दुसरा आठवडा भिंती. ते वाचून मला वाईट वाटतं. ज्या गावात हा मुलगा वाढला, तिथला आषाढ त्याला आठवला नाही. बांधकाम टाळून असलेली खोली दुरुस्त करायची, वर्ग संध्याकाळी ठेवायचे, लावणीचे आठवडे मोकळे सोडायचे, असं लिहिणाऱ्या अर्जदाराला गाव माहीत आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

पैशांबद्दलही गैरसमज आहेत. १०,००० डॉलर प्रकल्पाला मिळतात, माणशी नव्हे. तिघांनी मिळून अर्ज केला म्हणून ३०,००० होत नाहीत. रुपयांत ही रक्कम लाखांत भरते, म्हणून काहीजण अंदाजपत्रक फुगवून दहा हजारांपर्यंत नेतात. तसं करू नये. उरलेले पैसे परत करायचे असतात. गावातल्या दुकानातून आणलेलं कोटेशन, टेम्पोचं भाडं, शिकवणाऱ्या ताईंचं मानधन, असा प्रत्येक रुपया कुठे जाणार ते दिसणारं अंदाजपत्रक एका पानात मावतं आणि विश्वास बसवतं.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी, कारण तिच्यामुळे मुलंच नव्हे, गावातल्या प्रामाणिक संस्थाही अडचणीत येतात. ‘पैसे संस्थेच्या खात्यावर पाठवून देऊ’ असं सर्रास लिहिलं जातं. भारतात सामाजिक किंवा शैक्षणिक काम करणाऱ्या संस्थेला परदेशातून देणगी घ्यायची तर २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि ज्या संस्थेला ते मिळाले तिला ते पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. गावातलं तरुण मंडळ, बचत गट, छोटा ट्रस्ट यांच्याकडे ही नोंदणी बहुतेक वेळा नसते. अर्ज लिहिण्याआधी त्या संस्थेला हा प्रश्न सरळ विचारा, आणि पैसे कोणत्या मार्गाने यायचे, कर कोणाला लागतो, हे कॉलेजच्या कचेरीत आणि इकडच्या सनदी लेखापालाकडे विचारून घ्या.

चांगलं इंग्रजी लिहिलं की अनुदान मिळतं, असंही पुष्कळांना वाटतं. प्रस्ताव जेमतेम दोन पानांचा. त्यात अलंकारांना जागाच नाही. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं का, सरपंचांना माहीत आहे का, शाळा व्यवस्थापन समितीने होकार दिला का, तुम्ही ऑगस्टच्या शेवटी विमानात बसल्यावर खोलीची किल्ली कोणाकडे राहणार? ही उत्तरं साध्या वाक्यांत असली की पुरे. किल्लीचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. ज्यांच्याकडे त्याचं उत्तर तयार असतं, त्यांचा बाकीचा अर्जही सहसा नीट असतो.

काम संपल्यावर अहवाल द्यावा लागतो, आणि ठरवलेलं सगळं जमलं नाही तर बदनामी होईल या भीतीने काही मुलं त्यात रंग भरतात. भरू नका. चाळीस मुली येतील म्हटलं आणि अकरा आल्या, तर अकरा लिहा, आणि बाकीच्या का आल्या नाहीत तेही लिहा. पुढच्या वर्षी त्याच तालुक्यासाठी अर्ज करणाऱ्याला त्या कारणाचा खरा उपयोग होतो.

तुम्ही या हिवाळ्यात अर्ज करणार असाल, तर पहिलं वाक्य लिहिण्याआधी गावी फोन लावा. ज्यांच्यासाठी प्रकल्प आखताय, त्यांना विचारा : जुलैत तुम्हाला वेळ असतो का, आणि हे तुम्हाला हवं आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर प्रकल्प बदलायला अजून दोन महिने हातात असतात.