घाम बादलीभर, कॅलरी नव्वद

"मॅडम, घाम तं बादलीभर गेला, अन् घड्याळ म्हन्ते नव्वद कॅलरी! खराब निघालं का हे?"

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या कोळसा खाणीत कामाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न. शहरातल्या तुकूममधल्या आमच्या गच्चीवर मी योगवर्ग घेते. २१ जूनच्या योगदिनाच्या पुढेमागे तिथे नवी स्मार्टवॉच दिसू लागतात आणि त्यांच्यासोबत असे प्रश्नही येतात. शेजारच्या चटईवरच्या काकूंनी लगेच आपलं मनगट पुढे केलं. त्यांच्याकडे दीडशे! दोघांचं वजन साठ किलोच्या आसपास, आसनं तीच, वेळही तासभरच. आणि तरी दोन्ही घड्याळं आपापल्या परीने बरोबर होती.

माणूस नुसता बसून असला तरी किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च होते. शास्त्रज्ञ तिला एक मेट म्हणतात. कोणत्या हालचालीला किती मेट, याची एक मोठी यादी जगभर वापरली जाते. तिच्या २०११ च्या आवृत्तीत हठयोगाला २.५, सूर्यनमस्कारांना ३.३ आणि पॉवर योगाला ४ मेट दिले आहेत. साठ किलोचा माणूस, तासभर हठयोग, म्हणजे दीडशे कॅलरी झाल्या. पण त्यातल्या साठ त्याने खुर्चीत पेपर वाचत घालवल्या असत्या तरी गेल्याच असत्या. त्या वजा केल्या की नव्वद उरतात. काकूंचं घड्याळ एकूण आकडा दाखवत होतं, त्याचं फक्त 'अ‍ॅक्टिव्ह'. राहिला घाम. तो शरीर थंड ठेवायला येतो, चरबी जाळायला नाही. चंद्रपुरात मे महिन्यात तो उभ्या उभ्याही येतो.

हा मे महिना घड्याळालाही चकवतो. पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा पहाटेची गच्चीसुद्धा तापलेलीच असते. अंगातली उष्णता बाहेर टाकायला हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलतं, नाडी वाढते. घड्याळ कॅलरी काढतं ते बरंचसं नाडीवरून. त्यामुळे डिसेंबरातले बारा सूर्यनमस्कार आणि मेमधले बारा यांचे आकडे वेगळे येतात, मेहनत तेवढीच असली तरी. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली. सातपैकी सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर निघाली. कॅलरीत मात्र सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. म्हणून माझ्या वर्गात कॅलरीची चर्चा चटई गुंडाळल्यावर, चहाबरोबर.

नाडीकडे मात्र मी लक्ष देते. घड्याळाच्या पाठीवर जो हिरवा दिवा लुकलुकतो, त्याचा उजेड कातडीत शिरतो. रक्त हिरवा उजेड चांगला शोषून घेतं. ठोक्यागणिक रक्त भरतं-ओसरतं, तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. युक्ती छान आहे, पण मनगट सरळ आणि सैल असेल तेव्हाच. पर्वतासनात, भुजंगासनात, दंडस्थितीत तळहातावर भार येतो, मनगट मागे वळतं, पट्ट्याखालच्या शिरा दबतात, घड्याळ कातडीवरून उचललं जातं आणि बाहेरचा उजेड आत शिरतो. वर हाताच्या पाठीने बाजूचं बटण दाबलं जातं आणि नोंदच थांबते!

यावर उपाय सोपा आहे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवायचं. पट्टा आसनांपुरता घट्ट करायचा, मुंग्या येतील इतका नाही. तेल किंवा डासांचं मलम पुसून टाकायचं. एक गोष्ट मला गडचिरोलीकडच्या बायांमुळे कळली. आमच्याकडच्या जुन्या पिढीच्या हातांवर भरगच्च गोंदण असतं, आणि त्यातली शाई हिरवा उजेड अडवते. अशा हातावर घड्याळ कधी मुकं होतं, कधी काहीच्या बाही आकडे सांगतं. कातडी मोकळी असेल तिथे ते बांधावं. ज्यांना सूर्यनमस्कारांची नाडी अचूकच हवी, त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. पोटावर झोपायच्या आसनांत मात्र तो रुततो. मग दंडावरचा पट्टा बरा.

बंध लावून कुंभक करताना एखाद्याच्या घड्याळावर नाडीच्या जागी नुसत्या रेघा येतात आणि तो घाबरतो. हा घोटाळा घड्याळांच्याही आधीचा आहे. १९३५ साली तेरेझ ब्रोस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ हृदयाचा आलेख काढायचं यंत्र घेऊन भारतात आल्या, आणि योगी हृदय जवळजवळ थांबवू शकतात अशी चर्चा पसरली. पुढे संशोधक वेंगर, बागची आणि दिल्लीच्या एम्समधले आनंद यांनी पुन्हा तपासण्या केल्या; त्यांचा निबंध १९६१ चा. श्वास कोंडून छातीचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, मनगटावरची नाडी बोटाला लागेनाशी होते, ठोकेही ऐकू येत नाहीत. पण आलेखावर हृदय चालूच होतं. आणि हे सगळं मोजून बघण्याची हौस आपल्याकडे त्याहून जुनी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं आणि उड्डियान, नौली करताना शरीरात काय घडतं ते क्ष-किरणांनी तपासलं.

खरी अडचण प्राणायामाची. बरीच घड्याळं श्वास थेट मोजत नाहीत, नाडीतल्या बारीक चढउतारांवरून ताडतात. श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना उतरते. मिनिटाला पाच-सहा श्वासांचा अनुलोम-विलोम केला की हा चढउतार ठसठशीत होतो आणि घड्याळाची 'एचआरव्ही' (ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार) एकदम उंचावते. तो त्या वेळच्या श्वासाचा परिणाम आहे. रात्री झोपेतल्या आकड्याशी त्याची तुलना करून खूश होण्यात अर्थ नाही.

श्वास मोजण्यात माझ्या माहेरचा गडचिरोली जिल्हा कुणाच्या मागे नाही, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझं माहेर धानोऱ्याकडचं. धानोऱ्याच्या रस्त्यावर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं शोधग्राम आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला मोठे आकडे मोजू न शकणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी श्वास मोजायचं एक उपकरण बनवलं. एका मिनिटाची वाळू आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर उपचार सुरू. त्याला ना बॅटरी लागते ना अ‍ॅप. मोजायचं एकच आणि त्यावरून करायचंही एकच.

त्यामुळे वर्गात मी ढीगभर आकडे लिहू देत नाही. घड्याळात वय, वजन, उंची खरी भरायची. 'योगा' हा प्रकार निवडून आधी मिनिटभर शांत बसायचं, मग सुरुवात. शवासन संपल्याशिवाय नोंद बंद करायची नाही, कारण शेवटच्या आसनानंतर नाडी किती लवकर उतरते ते तिथेच दिसतं. अधूनमधून दोन बोटं मनगटावर ठेवून तीस सेकंद ठोके मोजायचे, दुप्पट करायचे आणि घड्याळाशी ताडून बघायचे. बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांनी २२० वजा वय या हिशेबाचे रंगीत 'झोन' बघूच नयेत. गोळी नाडी दाबून ठेवते. त्यांची मर्यादा डॉक्टरांनीच ठरवायची.

सगळ्यांत उपयोगी पडते ती झोपेतून उठल्याउठल्याची नाडी. वर्गातली एक नर्स रात्रपाळी करून थेट गच्चीवर येते. पाळीच्या आठवड्यात तिची ही नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वर असते. त्या दिवसांत ती सूर्यनमस्कार घालत नाही. सुखासन, भ्रामरी आणि मग लांब शवासन. बहुतेकदा तिला तिथेच झोप लागते, आणि आम्ही बाकीचे हळू आवाजात पुढची आसनं करतो.